स्मार्टवॉचला ओरखडे नकोत आणि ढब्बू कव्हरही नको?

घड्याळाच्या काचेचा खरा शत्रू म्हणजे वाळू आणि धूळ. त्यातल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्‌स मापनावर (१ ते १०; आकडा जास्त तेवढी वस्तू कठीण) ७, तर साध्या काचेचा साधारण ५.५ ते ६.५. म्हणून धुळीने भरलेली काच शर्टाला घासून पुसू नका. आधी फुंकर मारा, मग ओलसर मऊ कापड. सफायर काच (कठीणपणा ९) असेल तर ओरखड्यांची चिंता जवळपास सोडा, मात्र आपटली तर तीही फुटते.

दिसणं बिघडवायचं नसेल तर स्क्रीनवर पातळ टीपीयू (मऊ, लवचिक प्लास्टिक) फिल्म लावा. कडा वळलेल्या काचेवर टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही, कडेने सुटते आणि भिकार दिसते. डायलभोवती काठ किंचित उंच असलेला पारदर्शक बंपर पुरे. पूर्ण झाकणारं कव्हर मला तरी पटत नाही. बंपर लावलाच, तर आठवड्यातून एकदा काढून आतली धूळ पुसा, नाहीतर तीच घड्याळाच्या बॉडीवर चरे पाडते. त्याच हातात कडं किंवा बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला.

आणि ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याचं मानांकन) लिहिलंय म्हणून गरम पाण्याच्या आंघोळीला घड्याळ नेऊ नका. वाफ आणि साबणाने आतली रबरी सीलं हळूहळू निकामी होतात. समुद्रात पोहून आलात तर लगेच साध्या पाण्याने धुवा, पट्टा काढून सांधेसुद्धा.