स्प्रिंटआधी स्टोरीचा अंदाज कसा घ्यावा

स्प्रिंटच्या, म्हणजे सॉफ्टवेअर टीमच्या काही आठवड्यांच्या ठरावीक कामाच्या टप्प्याच्या, प्लॅनिंगला बसल्यावर एखाद्या स्टोरीबद्दल (वापरकर्त्याला हव्या असलेल्या एका छोट्या कामाबद्दल) पहिला प्रश्न 'हे किती दिवसांत होईल?' असा आला, की गडबड तिथूनच सुरू होते. घोडबंदर रोडहून महापेला येणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. अंतर रोज तेवढेच असते, वेळ मात्र पाऊस आणि ऐरोली पुलावरची रांग ठरवते. म्हणून आधी कामाचा आकार ठरवावा आणि त्यासाठी स्टोरी पॉइंट, म्हणजे एका कामाच्या तुलनेत दुसरे किती मोठे हे सांगणारे आकडे, वापरावेत.

सर्वांना नीट आठवणारी, पूर्ण झालेली एक लहान स्टोरी निवडून तिला 2 पॉइंट द्यावेत व बाकीच्या स्टोरी तिच्याशी ताडून पाहाव्यात. आकडे 1, 2, 3, 5, 8, 13 असेच ठेवावेत, कारण काम मोठे होते तशी अनिश्चितताही वाढते आणि 7 की 8 या वादातून काही हाती लागत नाही.

जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडलेल्या प्लॅनिंग पोकरमध्ये सर्वांनी आपापल्या अंदाजाच्या आकड्याचे पत्ते एकाच वेळी उलटायचे असतात. ज्येष्ठाने आकडा आधी उच्चारला, की नवखे त्याच्याच आसपास घुटमळतात. आमच्याकडे कर्जाच्या हप्त्याची पावती मराठीत पीडीएफ करून देण्याची स्टोरी आली, तेव्हा डेव्हलपरने 3 दाखवले आणि टेस्टरने 13. सरासरी काढून 8 लिहिणे सोपे होते, पण तसे कधीही करू नये. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा देणाऱ्यांना आधी बोलू द्यावे. टेस्टरने जुन्या पावतीचा नमुना दाखवला: 'हप्ता'मधले जोडाक्षर सुटून पाय मोडलेला 'प' उघडा पडला होता आणि 'शिल्लक'ची पहिली वेलांटी 'श'च्या पुढे जाऊन बसली होती. पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोड) देवनागरी अक्षरांची जुळणीच करत नव्हती. मग लायब्ररी तपासण्यासाठी दोन दिवसांचा स्पाइक (शंका फेडण्यापुरते शोधकाम) वेगळा काढला आणि पावतीला 5 दिले.

मागील तीन स्प्रिंटमध्ये 21, 26 आणि 19 पॉइंट पूर्ण झाले असतील, तर व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणाऱ्या पॉइंटांची सरासरी, 22 येते. गणपतीच्या आठवड्यात मात्र 19 सुद्धा जास्तच. अर्धवट स्टोरीचे पॉइंट त्या स्प्रिंटमध्ये मुळीच धरू नयेत. पॉइंटांचे तासांत रूपांतर करून दोन टीमची तुलना करणारी एक्सेल शीट कोणी मागितली, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण दुसऱ्या टीमचे 2 पॉइंट कोणत्या स्टोरीवरून ठरले, हे त्या शीटमध्ये कुठेच नसते.