घरातले तीन लॅपटॉप, एक नॅस आणि वायफाय

आजीच्या जात्यावरच्या चाळीसेक ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. लॅपटॉपवर घेतल्या आणि मोबाइलमधून पुसल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी लॅपटॉपची एसएसडी गेली, तिच्याबरोबर ओव्याही गेल्या. बॅकअपची हार्डडिस्क कपाटातच होती, पण ती काढून केबल लावायचं रोज उद्यावर जायचं. म्हणून आता आमच्या घरी हे काम कुणाच्या आठवणीवर ठेवलेलं नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन डिस्कचं नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) आणि ४ टीबीच्या दोन डिस्क आणल्या. दोन्हींवर एकच मजकूर राहतो, म्हणजे वापरायला ४ टीबीच मिळतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. पण फाइल चुकून पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. तेव्हा या जोडीला बॅकअप समजू नका.

वायफाय फक्त लॅपटॉपसाठी. नॅस मात्र राउटरला लॅन केबलनेच जोडा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की लॅपटॉपला नॅस सापडत नाही. प्रत्येकाला वेगळं खातं, वेगळं फोल्डर आणि वेगळा पासवर्ड द्या. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींची त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवायची सोय असेल तर ती चालू कराच. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) लॅपटॉपमधून नॅसपर्यंत पोचलं, तरी जुनी प्रत परत मिळण्याची आशा राहते.

पहिला बॅकअप वायफायवरून घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. आमचं घर सदाशिव पेठेतलं, भिंती दीड फुटी. मागच्या खोलीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर सेकंदाला जेमतेम ५ एमबी जात होते. त्या वेगानं ३०० जीबीला सोळा-सतरा तास लागले असते. लॅपटॉप राउटरशेजारी आणून केबल लावली आणि बारीकसारीक फायली धरूनही काम अडीच तासांत झालं. त्यानंतर फक्त बदललेलं तेवढंच जातं आणि त्याला वायफाय पुरतं. राउटरजवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा जास्त वेगवान पट्टा वापरा.

मुलीच्या मॅकला टाइम मशीन ही बॅकअपची सोय आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरलखाली ते सापडतं; तिथे नॅसवरचं फोल्डर निवडायचं आणि एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता न येणारं कुलूप) चालू करायचं. तो पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कारण तो हरवला तर बॅकअप उघडत नाही. नॅसवर त्या फोल्डरला जागेची मर्यादाही घाला, मॅकच्या डिस्कच्या साधारण दुप्पट. नाहीतर टाइम मशीन जागा मिळेल तितकी व्यापत जातं.

विंडोजच्या दोन लॅपटॉपवर फाइल हिस्ट्री ही विंडोजचीच बॅकअपची सोय आहे. कंट्रोल पॅनेलमधून ती उघडून नेटवर्कवरची जागा म्हणून नॅसचं फोल्डर द्यायचं. एरवी ती दर तासाला प्रत घेते. पण ती डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससारखी ठरावीक फोल्डरंच पाहते. ह्यांची सगळी ड्रॉइंग्ज डी ड्राइव्हवर होती आणि महिनाभर त्यातली एकही फाइल नॅसवर गेली नव्हती. ते फोल्डर विंडोजच्या लायब्ररीत (फाइल हिस्ट्री पाहते त्या फोल्डरांच्या यादीत) घातल्यावर ती जायला लागली.

झाकण मिटून झोपलेल्या लॅपटॉपवर विसंबू नका. आमच्याकडे रात्री जेवणं झाली की तिन्ही लॅपटॉप चार्जरला लावून तासभर उघडे ठेवतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून नॅस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर आहेत. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावली की बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःच नीट बंद होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं नॅसवरून एखादी जुनी फाइल परत काढून उघडून बघायची. ड्रॉइंग्जचा घोळ असाच सापडला. त्याच दिवशी नॅसची एक प्रत यूएसबी डिस्कवर घेते आणि निगडीला मावशीकडे ठेवून येते. अशा दोन डिस्क आहेत: जाताना ताजी न्यायची, येताना मागच्या महिन्याची परत आणायची.