राजा, राजेशाही आणि शेजाऱ्यांचा ‘स्वभाव’: ठाणे-नवी मुंबईत मतं गोळा करायची तर

नेपाळमधून आलेल्या माणसाला ‘तुम्हाला राजा परत हवा का?’ असं विचारलं की उत्तर चटकन मिळतं आणि ते कुठल्याच कामाचं नसतं. ‘हो’ म्हणणाऱ्या एकाला माजी राजे ज्ञानेंद्र हवे असतात, दुसऱ्याला हिंदू राष्ट्र, तिसऱ्याला नुसत्या सध्याच्या पुढाऱ्यांना शिव्या घालायच्या असतात. तुमच्या सर्वेक्षणाच्या कागदावर मात्र तिघांसमोर एकच खूण. कॉलेजचा प्रकल्प असो, वाचनकट्ट्याचा उपक्रम असो की सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी हौसेने हाती घेतलेलं काम असो, पहिले दोन आठवडे प्रश्न घडवण्यात घालवा. माणसं गाठणं त्यामानाने सोपं आहे.

सुरुवातीलाच कामाचे दोन भाग करा आणि शेवटपर्यंत वेगळे ठेवा. पहिला भाग इथे राहणाऱ्या नेपाळी नागरिकांचा: त्यांच्या देशातल्या राजेशाहीबद्दल त्यांना काय वाटतं. दुसरा मराठी रहिवाशांचा: शेजारचे लोक कसे असतात अशी त्यांची समजूत आहे. दोन्हींचा एकच फॉर्म केला तर काहीच हाती लागत नाही. भूतानचे नागरिक ठाण्यात शोधायच्या फंदात पडू नका, भूतान फक्त दुसऱ्या भागात घ्या. पारो-थिंफूची सहल करून आलेला माणूस आपल्याला सहलीतला भूतान सांगतो, भूतानी माणसाचं मत सांगत नाही.

विचारणाऱ्याला काय पाठ हवं

समोरच्याने ‘दरबार हत्याकांड’ म्हटलं आणि विचारणारा गोंधळला, तर मुलाखत तिथेच संपते. नेपाळचं किमान एवढं तोंडपाठ हवं: १८४६ ते १९५१ राणा घराण्यातल्या पंतप्रधानांची सत्ता, १९६० मध्ये राजा महेंद्रने निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि पुढे राजकीय पक्षांविना चालणारी ‘पंचायत’ राजवट आणली, १९९० चं जनआंदोलन, १ जून २००१ ला नारायणहिटी राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि कुटुंबीयांची हत्या (हेच दरबार हत्याकांड), १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्रने सगळी सत्ता हातात घेतली, एप्रिल २००६ चं दुसरं आंदोलन, आणि २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली.

भूतान त्याच वर्षी उलट्या वाटेने गेला. मार्च २००८ मध्ये तिथे राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक, जुलैमध्ये राज्यघटना, नोव्हेंबरमध्ये पाचव्या राजाचा राज्याभिषेक. तिथे राजानेच पुढाकार घेऊन सत्ता सोडायला सुरुवात केली. राजाने ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावं असं त्या घटनेत लिहिलंय. संसदेच्या तीन चतुर्थांश बहुमताने आणि नंतर सार्वमताने त्याला पायउतार करण्याची तरतूदही आहे.

एक जोडप्रश्न मात्र विचारणाऱ्या सगळ्यांना आधी दाखवा. १४ एप्रिल १९७५ ला सिक्कीममध्ये झालेल्या सार्वमतात चोग्याल (म्हणजे तिथला राजा) हे पद रद्द करणं आणि सिक्कीमने भारताचा घटक होणं, या दोन्हींवर मिळून एकच कौल घेतला गेला. बाजूने ५९,६३७ मतं, विरोधात १,४९६. राजा नको पण वेगळेपण हवं, असं ज्याला वाटत असेल त्याने शिक्का कुठे मारायचा? आपल्या फॉर्मवर अशी जागा राहिली असेल तर ती हमखास सापडते. फॉर्म स्वतःच भरून बघा.

‘राजा’ या शब्दाचा घोळ

मराठी माणसासमोर ‘राजा’ म्हटलं की शिवाजी महाराज उभे राहतात, त्यांच्या मागोमाग कोल्हापूरचे शाहू महाराज. ‘राजेशाही थाट’, ‘राजेशाही थाळी’ यांमुळे ‘राजेशाही’ शब्दालाही तुपाचा वास आहे. त्यामुळे ‘राजेशाहीबद्दल तुमचं मत काय?’ असं विचारून मिळालेला होकार नेपाळच्या शाह राजघराण्याबद्दल आहे असं समजणं म्हणजे शुद्ध फसवणूक. मराठी फॉर्मवर लांबलचक पण नेमकं लिहा: ‘राष्ट्रप्रमुखाचं पद वंशपरंपरेने एकाच घराण्यात राहणं’. वाचायला जड आहे, पण महाराज मध्ये येत नाहीत. शिवजयंतीच्या आसपासचा आठवडा तर टाळाच.

नेपाळीतही शब्द निष्पाप नाहीत. ‘राजतन्त्र’ म्हणजे राज्यपद्धती. ‘राजसंस्था’ हा जरा अदबीचा, राजाच्या समर्थकांच्या तोंडी जास्त असलेला शब्द. फॉर्मवर ‘राजसंस्था’ छापलंत तर विचारणारा कुठल्या बाजूचा, याचा अंदाज समोरचा लगेच बांधतो. आपल्या ‘प्रजासत्ताक’ला तिथे ‘गणतन्त्र’ म्हणतात. एका नेपाळी भाषकाकडून भाषांतर करून घ्या. मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याकडून ते परत मराठीत किंवा हिंदीत आणा. जिथे फरक पडेल तो प्रश्न पुन्हा लिहा.

एका प्रश्नाचे चार

‘राजा परत हवा का?’ याऐवजी, याच क्रमाने:

१. देशाचा राष्ट्रप्रमुख कसा ठरावा? (थेट लोकांनी निवडावा / संसदेने व प्रांतांनी निवडावा / वंशपरंपरेने, पण अधिकाराविना / वंशपरंपरेने, अधिकारांसह / सांगता येत नाही)

२. माजी राजा ज्ञानेंद्र यांच्याबद्दल तुमचं मत चांगलं, वाईट की मधलं?

३. देश धर्मनिरपेक्ष राहावा की हिंदू राष्ट्र व्हावा?

४. गेल्या पाच वर्षांतल्या सरकारांच्या कारभाराला दहापैकी किती गुण द्याल?

आता गंमत बघा. पहिल्यात ‘निवडलेला’ आणि तिसऱ्यात ‘हिंदू राष्ट्र’ म्हणणारा माणूस भेटतो. चौथ्यात एक गुण देऊनही राजा नकोच म्हणणारा भेटतो. वीरेंद्रबद्दल हळवा होणारा ज्ञानेंद्रचं नाव काढताच तोंड वाकडं करतो. राजाबद्दलचा आदर, सरकारवरचा राग आणि राजेशाही परत यावी ही इच्छा या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या निराळ्या ठेवता आल्या तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

क्रम बदलू नका. सरकारला गुण देण्याचा प्रश्न आधी आला की माणूस चिडतो आणि त्या चिडीत पुढच्या प्रश्नात राजाकडे झुकतो. ‘सहमत / असहमत’ ही पद्धतही इथे नको. गेटवर उभा असलेला माणूस सोसायटीतल्या माणसाला ‘असहमत’ सहसा म्हणत नाही. मान डोलावून मोकळा होतो.

वयाचा प्रश्न तारखेने विचारलात तर अडकाल. नेपाळी माणूस जन्मसाल विक्रम संवतात सांगतो: ‘२०४७’. त्यातून ५७ वजा करा, म्हणजे १९९०. जन्म पौषाच्या उत्तरार्धापासून चैत्रापर्यंतचा, म्हणजे जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा असेल तर ५६ (त्यांचं वर्ष वैशाखात सुरू होतं). याहून सोपी युक्ती म्हणजे ‘शाळेत राष्ट्रगीत कोणतं म्हणायचात?’ राजाची स्तुती असलेलं ‘श्रीमान् गम्भीर’ २००७ मध्ये जाऊन ‘सयौं थुँगा फूलका’ आलं. ज्याने पहिलं म्हटलं तो राजाच्या काळात शाळेत गेलेला, ज्याने फक्त दुसरं म्हटलं त्याने राजा बहुतेक मोबाइलवरच पाहिलेला. उत्तर देताना माणूस खुलतो, कधी दोन ओळी म्हणूनही दाखवतो. हा प्रश्न पहिलाच ठेवा.

कोण नेपाळी, कोण नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. दार्जिलिंग किंवा सिक्कीमचा नेपाळी बोलणारा माणूस भारतीय नागरिक आहे. मणिपूर-मिझोरामचा तर नेपाळीही बोलत नाही. चेहरा पाहून फॉर्म पुढे करणं चुकीचं आहेच, अपमानकारकही आहे. उलट नेपाळच्या तराईतला मैथिली किंवा भोजपुरी बोलणारा मधेशी माणूस तुर्भ्याच्या मार्केटमध्ये शेजारी उभा असतो आणि आपण त्याला बिहारचा समजून पुढे जातो. मधेशी वगळले तर सर्वेक्षण फक्त डोंगराळ भागाचं होतं. पंचायत काळातली ‘एउटै राजा, एउटै देश, एउटै भाषा, एउटै भेष’ ही घोषणा ज्यांच्या भाषेवर आणि पोशाखावर उठली, नेमके तेच लोक बाहेर राहतात. सरळ विचारा: ‘तुमचं घर कुठल्या जिल्ह्यात?’ बझांग, अछाम, कैलाली, धनुषा, काय असेल ते लिहा. बाकी आपोआप कळतं.

सगळे सुरक्षारक्षकच घेऊ नका. घोडबंदर रोडच्या संकुलांतून तेच सहज मिळतात, म्हणून मोह होतो. शंभर जण घ्यायचे ठरवलेत तर ४० रक्षक, ३० हॉटेल आणि चायनीजच्या गाड्यांवरचे, १५ घरकाम करणाऱ्या किंवा घर सांभाळणाऱ्या बायका, १५ इतर असा कोटा आधीच बांधा. बायकांसाठी विचारणारीही बाईच हवी. नवरा शेजारी बसलेला असेल तर उत्तर त्याचंच येतं.

दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या दशैंच्या आधीपासून तिहारपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, बरेच जण गावी असतात, तो महिना सोडा. तिकडे काही घडलं की मतं हलतात. मार्च २०२५ मध्ये ज्ञानेंद्रच्या स्वागताला काठमांडूच्या विमानतळावर गर्दी झाली, त्याच महिन्याच्या २८ तारखेला तिथल्याच तीनकुने भागात हिंसाचार झाला, सप्टेंबरमध्ये तरुणांच्या आंदोलनाने सरकार पडलं. या तिन्हींच्या पुढच्या आठवड्यांतले फॉर्म एकाच ढिगात घालता येणार नाहीत. प्रत्येक फॉर्मवर तारीख हवीच.

भीती घालवणं

वहीपेन घेऊन प्रश्न विचारणारा माणूस म्हटलं की रक्षकाला पोलीस व्हेरिफिकेशन आठवतं. म्हणून नाव, फोन, आधार, कुठल्या एजन्सीचा, यातलं काहीही लिहू नका आणि कोरा फॉर्म आधी त्याच्या हातात द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी घ्या, पण त्यांना मुलाखतीजवळ उभं राहू देऊ नका. मुलाखत बारा-पंधरा मिनिटांत संपवा. आठच्या ड्युटी-बदलाला कोणी थांबत नाही. रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी साडेपाच-सहाला निवांत असतो, तेव्हा गाठा. ‘तुम्ही’ म्हणा, हिंदीत ‘आप’, नेपाळीत ‘तपाईं’. ‘बहादूर’ म्हणून हाक मारली तर पुढचे फॉर्म फुकट गेले असं समजा.

मत झाकलं जातंय का हे तपासायचं असेल तर सम क्रमांकाच्या फॉर्मवाल्यांना राष्ट्रप्रमुखाचा प्रश्न तोंडी विचारा. विषम क्रमांकवाल्यांना सारख्याच छापील चिठ्ठ्या आणि एकाच रंगाचं पेन द्या, आणि चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायला सांगा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पर्यायांपुढे चित्रं हवीत: मुकुट, मतपेटी. दोन्ही गटांत पन्नास-पन्नास माणसं असतील तर साधारण २० टक्के-गुणांपेक्षा कमी फरकाला काही अर्थ नाही, तो योगायोगही असू शकतो.

स्वभावाचा भाग

मराठी रहिवाशांना ‘नेपाळी लोक कसे असतात?’ विचारा; ‘प्रामाणिक, कष्टाळू, शूर’ अशी उत्तरं ठरलेली. भूतानी? ‘आनंदी’. ही विशेषणं कुठून येतात ते शोधणं हेच खरं काम. ‘शूर’ हे १८१५ पासूनच्या गुरखा भरतीचं आणि ब्रिटिशांच्या ‘लढवय्या जमाती’च्या सिद्धांताचं देणं. ‘प्रामाणिक’ हा गेटवरच्या नोकरीचा गुण. ती नोकरी मुळात तेवढ्यासाठीच दिली जाते. ‘आनंदी’ हे भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंदाच्या कल्पनेचं पर्यटनातलं रूप. प्रत्यक्षात तो निर्देशांक ९ क्षेत्रं आणि ३३ निकष तपासून काढतात आणि लोक कुठे कमी पडतात हेही त्यातून दिसतं. शिवाय नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना भूतान सोडून नेपाळमधल्या छावण्यांत राहावं लागलं, हे त्या ‘आनंदी’त बसत नाही.

म्हणून निम्म्या लोकांना ‘नेपाळी लोक’ असं विचारा आणि निम्म्यांना ‘तुमच्या ओळखीची एक नेपाळी व्यक्ती’. त्याआधी एक प्रश्न: ‘तुमची त्यांच्याशी भेट कुठे होते?’ उत्तरांची जोडी लावली की विशेषण देशाचं नसून भेटीच्या जागेचं आहे, हे बहुतेकदा उघड होतं. २००५ मध्ये ४९ संस्कृतींत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही राष्ट्रीय स्वभावाबद्दलच्या समजुती आणि माणसांचे मोजलेले स्वभाव यांचा मेळ बसला नव्हता.

आकडे लिहिताना

शंभर माणसं यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर दोन्ही बाजूंनी १० टक्के-गुणांची चूक धरावी लागली असती, चारशेंना ५. आपण मात्र भेटतील ती माणसं घेतलेली असतात, त्यामुळे ‘±’ लिहायचंच नाही. ‘इतक्यांपैकी इतके’ असं लिहा. पंधरा बायकांचे टक्के काढू नका.

निवडणुकीचा टेकूही जपून घ्या. राजाच्या बाजूच्या पक्षाला २००८ मध्ये ४ जागा, २०१३ मध्ये २४, २०१७ मध्ये एक, २०२२ मध्ये १४. एवढे चढउतार जनमताचे मानणं कठीण आहे. त्यात पक्षांच्या फुटी आणि जोडण्या आहेत, शिवाय २०१७ ला सभागृहच ६०१ वरून २७५ वर आलं होतं.

अहवालाच्या पहिल्याच ओळीत जागा, तारखा आणि माणसांची संख्या द्या: ‘नेरूळ, खारघर आणि मानपाडा, अमुक तारखांना, ९७ जण’. ‘नेपाळी जनतेला वाटतं’ असं वाक्य कुठे डोकावलं तर खोडा. भरलेले फॉर्म कपाटात बंद ठेवा आणि आकडे दोनदा पडताळून झाले की फाडून टाका. चिठ्ठ्यांचा डबाही त्याच दिवशी रिकामा करा.