एकाच प्रवासात अनेक ठिकाणे : सहलीची आखणी कशी करावी

लांबच्या विमानप्रवासाचा खर्च आणि शीण एकदाच सोसून दोन-तीन देश पाहता येतात, हे एकत्रित सहलीचे उघड आकर्षण आहे. माझ्या मते खरे आकर्षण मात्र तुलनेत आहे. चेकियातील प्राग, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि हंगेरीतील बुडापेस्ट ही तिन्ही शहरे एकेकाळी हाब्सबर्ग घराण्याच्या साम्राज्यात होती. तरीही प्रागच्या अरुंद दगडी गल्ल्यांतून निघून चारेक तासांच्या रेल्वेप्रवासानंतर, जुना तट पाडून त्या जागी बांधलेल्या व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासे या प्रशस्त रस्त्यावर आपण उभे राहतो, तेव्हा दोन्ही शहरे अधिक चांगली कळतात.

म्हणून ठिकाणांची यादी करण्याआधी त्यांना जोडणारी वाट पाहावी. दोन मुक्कामांमधील प्रवास शक्यतो चार-पाच तासांत संपावा, कारण सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे आणि नवी खोली मिळेपर्यंत थांबणे यांत अर्धा दिवस सहज जातो. आठ-नऊ दिवसांत तीन मुक्काम पुरेत. चौथे ठिकाण हवेच असेल, तर मुक्काम न हलवता ते पाहावे. व्हिएन्नाहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगे आहे.

विमानाचे तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडून प्रागला उतरावे आणि बुडापेस्टहून परतावे, म्हणजे केवळ परतीच्या विमानासाठी पहिल्या शहराकडे उलट जावे लागत नाही.

व्हिसाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसांतील सीमांवर सहसा तपासणी नसलेल्या युरोपातील, २९ देशांत अल्पकालीन भेटीसाठी एकच व्हिसा चालतो आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पर्यटकाने अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहायचे त्या देशाकडे करावा लागतो. दिवस सारखे असतील, तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. मधेच लंडनला जाऊन पुन्हा शेंगेन क्षेत्रात यायचे असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा परतताना उपयोगी पडत नाही, त्यामुळे अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी.

खोल्यांचे आरक्षण मार्ग आणि तिकिटे ठरल्यावरच करावे, आणि शेवटची रात्र जिथून विमान सुटते त्याच शहरात काढावी.