युरिया उघडा टाकून घरी जाऊ नका

भुरभुर पाऊस झाला, ऊन पडलं की शिवारात युरिया फोकायची घाई सुटते. जरा थांबा. दरवर्षी हेच बघतो आहे: पिशवी रिकामी, आठ दिवसांनी कपाशी पिवळीच, आणि मग दुकानातून महागडा डबा.

युरिया हरवतो कसा, ते समजून घ्या. मातीतले जिवाणू युरिएज नावाचं विकर (एन्झाईम) बनवतात. त्या विकरात निकेलच्या दोन अणूंची खाच असते. युरियाचा रेणू तिथं बसतो, पाण्याच्या साथीनं फुटतो, त्यातून अमोनिया आणि कर्बवायू निघतो. विकर मात्र खर्च होत नाही, लगेच पुढचा रेणू धरतं. उबदार, ओलसर मातीत दोन-तीन दिवसांत बराच युरिया असा फुटून जातो. मातीआड फुटला तर नत्र मातीच्या कणांना धरून राहतं. वरच फुटला तर अमोनिया हवेत. त्यात आपली काळी जमीन अल्कधर्मी, सामू (पीएच) आठच्या घरात, आणि फुटताना दाण्याभोवतीचा सामू आणखी चढतो. म्हणजे उडायला रान मोकळंच.

सगळ्यात वाईट भुरभुर आणि दव. दाणा विरघळण्यापुरती ओल मिळते, खाली उतरण्यापुरती नाही. म्हणून ‘आज टाकू, उद्या डवरू’ (डवऱ्यानं, म्हणजे बैलाच्या कोळप्यानं, मातीआड करू) नको. माणूस युरिया टाकत पुढं, डवरा मागोमाग. बैल मिळत नसेल तर त्या दिवशी पिशवी फोडूच नका.

- वापसा बघा: मुठीत दाबलेला गोळा पडल्यावर फुटला पाहिजे
- आधी तण काढा
- रोपापासून चार बोटं लांब, दोन-तीन बोटं खोल
- पानावर दाणे नकोत
- ओलिताची सोय असेल तर लगेच हलकं पाणी

मात्रा: कोरडवाहू बीटी कपाशीला हेक्टरी 120:60:60 किलो नत्र, स्फुरद, पालाश. नत्राचा 30 टक्के हप्ता पेरणीनंतर महिन्यानं म्हणजे एकरी साधारण 31 किलो युरिया. 45 किलोची अख्खी पिशवी ओतू नका. माझा अनुभव असा की, बरोबर बुजवलेला कमी युरियासुद्धा उघड्या पिशवीपेक्षा पिकाला जास्त लागतो.

‘नीम कोटेड आहे, उडत नाही’ यावर विसंबू नका. निंबोळी तेल मुख्यतः पुढची पायरी, अमोनियमचं नायट्रेट होणं, मंद करतं. वरची वाफ थांबवत नाही. आणि एन्झाईमचे दाणेदार डबे कशाला? युरिएज तुमच्या मातीत फुकट आहे, गरजेपेक्षा जास्तच आहे.

जाता जाता गुरांचं. त्यांच्या कोठीपोटातले जिवाणूही हेच विकर बनवतात. युरियाचं पाणी प्यायलं की पोटात अमोनिया झपाट्यानं सुटतो, रक्तात जातो, जनावर थरथरतं, पोट फुगतं, तासा-दोन तासांत दगावू शकतं. फवारणीचा पिंप, धुतलेली बादली, रिकामी पिशवी बांधावर ठेवू नका. शंका आली तर वाट न बघता पशुवैद्याला फोन लावा.