कॉलेज फुटबॉलची घरगुती अंदाज स्पर्धा: या चुका टाळा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी बोल मॅचेसची, म्हणजे सीझनअखेर निवडक संघांत होणाऱ्या मॅचेसची, यादी जाहीर होते आणि अलीकडे पहिली मॅच पुढच्याच शनिवारी असते. मधल्या पाच-सहा दिवसांत चाळीसेक मॅचेस शीटमध्ये भरायच्या, तेवीस जणांना फॉर्म पाठवायचा, पुण्याहून येणाऱ्या फोनना उत्तरं द्यायची, आणि हे सगळं नोकरी सांभाळून. ओहायोतल्या कोलंबसमध्ये आम्ही ही कोण जिंकणार ते ओळखायची स्पर्धा २०१३ पासून चालवतो: सीझनभर दर आठवड्याला काही मॅचेस आणि शेवटी बोल. पाच जणांनी सुरू केली. आता त्यात ॲन आर्बरचे माझे दीर-जाऊ आहेत, न्यू जर्सीतला मामेभाऊ आहे, मुलांचे रूममेट आहेत आणि पुण्यात बसून दरवर्षी पहिल्या दहांत येणाऱ्या सासूबाई आहेत. इतक्या वर्षांत जी भांडणं झाली त्यातलं जवळजवळ एकही मॅचच्या निकालावरून झालं नाही. सगळी झाली ती आधी न ठरवलेल्या कुठल्यातरी नियमावरून. तुम्ही यंदा अशी स्पर्धा घेणार असाल तर आधी हे वाचा, मगच फॉर्म पाठवा.

सगळ्या मॅचेस घेणं

ही अगदी पहिली चूक, आणि उत्साहाच्या भरात होते. वरच्या गटातच १३० हून जास्त संघ आहेत. एका शनिवारी पन्नास-साठ मॅचेस सहज होतात. पहिल्या वर्षी मी त्या सगळ्या फॉर्ममध्ये घातल्या आणि तिसऱ्या आठवड्यात निम्म्या लोकांनी फॉर्म भरणं सोडलं. आठवड्याला दहा मॅचेस पुरे. त्या दहाही चुरशीच्या निवडा. सप्टेंबरमध्ये मोठी विद्यापीठं छोट्यांना पैसे मोजून आपल्या मैदानावर बोलावतात आणि चाळीस-पन्नास गुणांनी हरवतात. तिथे सगळे एकच नाव लिहिणार, मग अंदाज कसला?

पण त्या एकतर्फी मॅचेसमध्येच या खेळातले सगळ्यात मोठे धक्के दडलेले असतात. २००७ मध्ये ॲपलेशियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच घरी ३४-३२ असं हरवलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला १६-१४ ने हरवलं आणि पुढच्याच महिन्यात व्हँडरबिल्टने अलाबामाला. म्हणून दहा मॅचेसखाली आम्ही एक मोकळी ओळ ठेवतो: ‘अपसेट’. ज्याने त्याने त्या आठवड्याची कुठलीही मॅच घ्यावी, सगळ्यांनी कमकुवत मानलेल्या संघाचं नाव लिहावं. संघ जिंकला तर तीन गुण, हरला तर काही वजा नाही. तळाला असलेल्या माणसाला ही एक ओळ शेवटपर्यंत खेळात ठेवते.

स्प्रेड (बलाढ्य संघाने किमान किती गुणांनी जिंकायला हवं तो आकडा) लावून खेळायचं असेल तर तो अर्ध्या गुणात ठेवा, म्हणजे बरोबरी होणार नाही. गुरुवारी संध्याकाळी जो आकडा असेल तो गोठवा आणि फॉर्मवरच छापा. आम्ही स्प्रेड वापरत नाही. ‘जिंकूनही हरले’ हे दहा वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीतल्या बाईंना दर आठवड्याला समजावण्यात मजा निघून जाते.

संघांची नावं अर्धवट लिहिणं

फॉर्ममध्ये नुसतं ‘मायामी’ लिहिलंत की तुम्ही फसलात. एक मायामी फ्लोरिडात, दुसरं इथे ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावात. ओहायोतलं विद्यापीठ १८०९ सालचं, म्हणजे फ्लोरिडा राज्य होण्याच्याही आधीचं. ‘यूएससी’ म्हटलं की कॅलिफोर्नियातल्यांना सदर्न कॅलिफोर्निया आठवतं आणि कॅरोलिनातल्यांना साउथ कॅरोलिना. ओहायो वेगळं, ओहायो स्टेट वेगळं. मिशिगन, मिशिगन स्टेट आणि त्याखेरीज ईस्टर्न, वेस्टर्न, सेंट्रल असे आणखी तीन मिशिगन. सासूबाईंनी एकदा ओहायो स्टेट समजून ओहायोला मोठे गुण लावले होते (ही पद्धत पुढे येतेच) आणि फॉर्ममध्ये मी नुसतं ‘ओहायो’ लिहिलेलं होतं. चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक संघापुढे गाव आणि राज्य लिहिते.

वेळ कुणाची, हे न लिहिणं

भारतातले नातेवाईक खेळत असतील तर या चुकीला माफी नाही. उन्हाळी वेळेत अमेरिकेचा पूर्व किनारा भारताच्या साडेनऊ तास मागे असतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा तास. म्हणजे शनिवारी दुपारी १२ ची मॅच ऑक्टोबरात पुण्यात रात्री साडेनऊला सुरू होते आणि नोव्हेंबरात साडेदहाला. २०२५ ची रोझ बोल १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात (पूर्व किनाऱ्याच्या तीन तास मागे) दुपारी २ ला होती, तेव्हा पुण्यात २ जानेवारीचे पहाटेचे साडेतीन वाजले होते. ‘१ तारखेपर्यंत भरा’ एवढंच लिहिलंत तर दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने बरोबर असतात. फॉर्मवर दोन्ही वेळा, वारासकट लिहा.

दुसरी गोष्ट, सगळ्या मॅचेस शनिवारीच नसतात. गुरुवारी, शुक्रवारी असतात. नोव्हेंबरात मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाच्या मॅचेस मंगळवारी-बुधवारी रात्री होतात. तुमच्या दहांत त्यातली एखादी असली आणि लॉक (फॉर्म बंद होण्याची वेळ) शनिवारचं असलं, तर निकाल बघून पिक, म्हणजे आपला अंदाज, भरता येतो. पूर्ण फॉर्म एकदम बंद करण्यापेक्षा प्रत्येक मॅच तिच्या किकऑफला, म्हणजे ती सुरू होताना, बंद करणं हाच मला न्याय्य मार्ग वाटतो.

आणि लॉक होईपर्यंत एकमेकांचे पिक्स दिसता कामा नयेत. सगळ्यांनी एकाच शीटमध्ये लिहायचं ठेवलं की आघाडीवरचा माणूस दुसऱ्या नंबरच्या माणसाचे पिक्स उतरवून घेतो आणि फरक तसाच राखतो. हे बेकायदा नाही, पण स्पर्धा तिथेच मरते. फॉर्म वापरा आणि उत्तरं किकऑफनंतर उघडी करा. आयोजक स्वतः खेळत असेल तर त्याने आपले पिक्स आधी दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवावेत. माझे जाऊबाईंकडे जातात.

कॉन्फिडन्स पॉइंट न तपासणं

बोल मॅचेससाठी बहुतेक लोक हीच पद्धत वापरतात. चाळीस मॅचेस असतील तर १ ते ४० हे आकडे प्रत्येकी एकदाच वापरायचे. ज्या निकालाची सर्वात खात्री त्याला ४०, जिथे नुसता अंदाज तिथे १. पिक बरोबर आला की तेवढे गुण. खेळ सुंदर आहे, कारण कोण जिंकणार यापेक्षा आपल्याला किती खात्री आहे हे माणसाला ठरवावं लागतं.

गोंधळ होतो तो आकडे दोनदा लिहिले जाण्याने. १ ते ४० ची बेरीज ८२०. मामेभावाच्या फॉर्मची ८१९ भरली, बघितलं तर १७ दोनदा होता आणि १८ कुठेच नव्हता. बेरीज बघणं ही चांगली पहिली चाचणी आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज ८२० च राहते. शीटमध्ये काउंटइफचं सूत्र घाला आणि प्रत्येक आकडा किती वेळा आलाय ते मोजा. १ सोडून दुसरं काही आलं की तो रकाना लाल. ही तपासणी पहिल्या किकऑफच्या आधी करा. मॅचेस सुरू झाल्यावर ‘मला १८ म्हणायचं होतं’ यावर कुणी विश्वास ठेवायचा आणि कुणी नाही?

मॅच रद्द झाली तर काय, हे न ठरवणं

‘असं कधी होतं का?’ असं वाटतं. होतं. २६ डिसेंबर २०१८ ला डॅलसमध्ये बॉस्टन कॉलेज आणि बॉयझी स्टेटची मॅच सुरू झाली आणि विजांमुळे थांबवून शेवटी निकालाविना सोडून दिली. २०२१ च्या डिसेंबरात कोविडमुळे अनेक बोल रद्द झाल्या. सॅन डिएगोतली हॉलिडे बोल तर मॅचच्या दिवशीच, सुरू व्हायला काही तास उरलेले असताना.

आमची सर्वात मोठी कुरबूर त्याच वर्षी झाली. रद्द मॅचला सगळ्यांना शून्य, असं मी घाईत ठरवलं. वरवर समान वाटतं, पण हिशोब करून बघा. चाळीस मॅचेसपैकी एक रद्द झाली. एकाने तिला ३८ लावले होते, दुसऱ्याने २. पहिल्याला आता जास्तीत जास्त ७८२ मिळू शकतात, दुसऱ्याला ८१८. दोघांनीही काही चुकवलेलं नसताना छत्तीस गुणांचा फरक. दीर रागावले ते योग्यच होतं.

आता आमचा नियम असा: रद्द मॅच ज्याच्या त्याच्या यादीतून काढायची आणि तिच्या वरचे आकडे एकेकाने खाली सरकवायचे. ३८ लावलेल्याचे ३९ आणि ४० हे ३८ आणि ३९ होतात. २ लावलेल्याचे ३ पासून पुढचे सगळेच एक पायरी उतरतात. दोघांकडेही १ ते ३९ उरतात, दोघांचीही कमाल ७८०. शीटमध्ये एका सूत्राचं काम आहे.

संघ बदलला तर मात्र वेगळं. २०२४ च्या इंडिपेंडन्स बोलमधून मार्शलने माघार घेतली आणि आर्मीसमोर लुइझियाना टेक आलं. अशा वेळी ती एक मॅच सगळ्यांसाठी पुन्हा उघडायची. पिक बदलता येतो, आकडा बदलता येत नाही.

संघ म्हणजे सीझनभरचा संघ, असं समजणं

बोल मॅचेसमध्ये नवख्यांची फसगत इथेच होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाणारे खेळाडू दुखापत टाळायला मॅचमधून बाहेर राहतात, काही विद्यापीठ बदलतात, प्रशिक्षक नवी नोकरी धरतात. २०२३ ची ऑरेंज बोल आठवा. फ्लोरिडा स्टेट १३-० (तेरा विजय, एकही हार नाही) असूनही त्यांना प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, घेतलं नव्हतं. मैदानात उतरले तेव्हा सीझन गाजवलेले कितीतरी खेळाडू त्यांच्याकडे नव्हते, आणि जॉर्जियाने ६३-३ असं हरवलं. ज्यांनी यादी लागल्याच्या रात्रीच फॉर्म भरून टाकला त्यांच्या हाती तो जुना १३-० चा आकडा होता. मॅचगणिक लॉक ठेवण्याचं हेही एक कारण. आठवड्यातून एकदा, कोण खेळणार नाही याची बातमी मी ग्रुपवर टाकते, म्हणजे रोज बातम्या वाचणाऱ्याचा आणि फक्त नाताळच्या सुट्टीत डोकावणाऱ्याचा फरक थोडा कमी होतो.

प्लेऑफ त्याच यादीत घालणं

२०२४ च्या सीझनपासून प्लेऑफमध्ये बारा संघ आहेत. पहिल्या फेरीनंतर कुणासमोर कोण येणार हे आधी माहीत नसतं, त्यामुळे त्या मॅचेस कॉन्फिडन्सच्या यादीत बसत नाहीत. काही जण सुरुवातीलाच पूर्ण तक्ता भरून घेतात. त्या पहिल्या वर्षी थेट उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश मिळालेले चारही संघ, ओरेगॉन, जॉर्जिया, बॉयझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट, आपली पहिलीच मॅच हरले. असा तक्ता २ जानेवारीलाच संपतो आणि अंतिम मॅच २० तारखेला. मधले अडीच आठवडे लोकांनी काय करायचं? प्रत्येक फेरीआधी नवा छोटा फॉर्म पाठवा. आम्ही पहिल्या फेरीला दहा, मग पंधरा, वीस आणि अंतिम मॅचला तीस गुण ठेवलेत.

बरोबरी सोडवायला अंतिम मॅचच्या एकूण गुणांचा अंदाज घ्या. २०२५ च्या जानेवारीत ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ ने हरवलं, एकूण ५७. जवळचा जिंकतो, वर असो की खाली, हे शब्दांत लिहा. ‘ओलांडला तर बाद’ असं कुणीतरी कुठेतरी खेळलेलं असतंच. दोघांचा अंदाज एकच निघाला तर दोघंही विजेते.

आठवडा चुकला की शून्य देणं

लग्न, प्रवास, आजारपण. एखादा आठवडा कुणाचाही चुकतो. त्याला शून्य दिलंत की तो माणूस त्या वर्षापुरता गेला म्हणून समजा, आणि कदाचित पुढच्या वर्षीही येणार नाही. आम्ही त्या आठवड्यातला सर्वात कमी गुण त्याला देतो. शिवाय सीझनअखेर प्रत्येकाचे दोन सर्वात वाईट आठवडे वगळतो. गेल्या काही वर्षांत मधेच सोडून गेलेलं कुणी मला आठवत नाही.

पैसे लावू नका, असं मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेत याचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि नात्यात वीस डॉलरचा हिशोबही वर्षभर मनात राहतो. आमच्याकडे एक तांब्याचा तांब्या आहे, पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला. घरच्या भांड्यांवर नाव घालतात तशी त्याच्यावर विजेत्याची आद्याक्षरं आणि साल ठोकून घेतो, दर पुणे फेरीला. गळ्याखालची पहिली ओळ भरली, आता पोटावर दुसरी सुरू आहे. सासूबाईंची अक्षरं दोनदा आहेत. तांब्या वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी राहतो, आणि चिंच लावून घासून परत करायचा, हाही लिहिलेला नियम आहे.

अंतिम मॅच झाली की त्याच आठवड्यात शीटची प्रत करून ठेवा आणि त्या वर्षी जे जे अडलं ते वरच्या ओळीत लिहा. ऑगस्टच्या शेवटी पहिली मॅच येते तेव्हा जानेवारीतलं काहीही आठवत नाही. माझ्या यंदाच्या प्रतीत वर एवढंच लिहिलंय: फॉर्मवर भारतीय वेळ ठळक अक्षरात, आणि पहिल्या लॉकआधी सासूबाईंना फोन.