देवनागरी लाकडी खिळे करताना या चुका टाळा

लाकडी खिळा, म्हणजे छपाईसाठी अक्षर कोरलेला लाकडी ठोकळा, बिघडतो तो बहुतेक वेळा कोरण्याआधी, लाकूड कापतानाच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बीचची किंवा हेदूची फळी आणायची, रंधा मारायचा आणि सरळ तिच्यावरच अक्षरं कोरायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फळीवर लाकडाच्या रेषा आडव्या पळतात. आपली शिरोरेषा आडवी, काना उभा. रेषा कुठल्याही दिशेने धरा, दोघांपैकी एकाच्या कपच्या उडणारच. शिवाय फळीची जाडी दमट हवेत फुगते. मे महिन्यात बरोबर बसलेला खिळा ऑगस्टमध्ये ०.२ मिमी उंच भरतो आणि त्याच फर्म्यातलं (छपाईसाठी एकत्र आवळलेल्या जुळणीतलं) शिशाचं टाईप फिकं उठतं.

म्हणून फळीच्या आडव्या चकत्या कापा, रेषांची टोकं वर येऊ द्या. रेषेच्या लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, त्यामुळे उंची टिकते. चकतीची जाडी २६-२७ मिमी ठेवा आणि ओलावा १०-१२ टक्क्यांवर आल्यावरच शेवटच्या मापाला घासा. सागवान नको: तेलकट असतं, आणि त्याची छिद्रं भरीव छपाईत ठिपके होऊन उतरतात.

शेवटची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिमी. फरक ०.०५ मिमीच्या आत हवा. चुकायचंच असेल तर खिळा बुटका राहू द्या. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, तो खाली घालून भागतं. उंच खिळा मात्र पुन्हा घासावा लागतो. तो कागद खिळ्याला कायमचा चिकटवू नका.

खरी डोकेदुखी शिरोरेषेची. अक्षर ठोकळ्यात मधोमध बसवून दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली, की छापल्यावर प्रत्येक अक्षरानंतर रेषा तुटते. रेषा ठोकळ्याच्या कडेपर्यंत जायलाच हवी. त्यासाठी ठोकळा दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर रुंद घ्या, रेषा बाहेरपर्यंत कोरा आणि मग बाजू घासून मापात आणा. बाजू गुण्याने तपासा. काटकोन जरा जरी सुटला, तर ठोकळे तळाशी भिडतात आणि वर फट राहते. रेषेची जागा नेहमी वरच्या कडेपासूनच मोजा. कधी वरून, कधी खालून मोजलं की शब्दात पायऱ्या पडतात. दोन-तीन ठोकळे शेजारी लावून उजेडासमोर धरले की हे सगळं छापण्याआधीच कळतं.

वेलांटी आणि उकार अक्षराच्या ठोकळ्याबाहेर लोंबते ठेवू नका, पहिल्याच आवळणीत तुटतात. मोठ्या मापात मात्रा वरच्या ओळीत, अक्षर मधल्या ओळीत, उकार खालच्या ओळीत अशा तीन पट्ट्या कराव्यात. नाहीतर ‘कि’, ‘कु’ अखंड कोरावेत. पोस्टरच्या चार शब्दांसाठी अखंडच परवडतं.

राउटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) ३ मिमीचं बिट आतले कोपरे गोल सोडतं. ते बारीक पटाशीने काढा. अक्षरातली छोटी पोकळी ३ मिमी खोल पुरते, पण मोठी मोकळी जागा ५-६ मिमी हवी, नाहीतर रूळ तळाला शाई लावतो. आणि हो, अक्षर उलटं कोरायचं! ‘ठ’ चुकला तरी चटकन लक्षात येत नाही, म्हणून पहिला ठसा ‘ट’ किंवा ‘क’चा काढा.

उंची टिकली तरी रुंदी पावसाळ्यात वाढतेच. गणपतीच्या पोस्टरचा फर्मा रात्रभर आवळून ठेवला तर मधली अक्षरं उचलली जातात. काम थांबलं की क्वाइन, म्हणजे फर्मा आवळणाऱ्या पाचरी, सैल करा.

कोरून झाल्यावर लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्या. त्यानंतर शाई पुसायला रॉकेल किंवा टर्पेंटाइनच वापरा. स्पिरिटने लाख विरघळते, पाण्याने लाकूड फुगतं. पुसलेले खिळे उन्हात वाळवू नका. ते चिरतात, आणि चिरलेल्या ठोकळ्याला इलाज नाही.